नसीरचाचा आणि अप्पांच्या मुंग्या

नसीरचाचांचा उजवा डोळा डाव्यापेक्षा बारीक होता. जन्मापासून नव्हे. चाळीस वर्षं त्या डोळ्यात घड्याळजीचं भिंग चिमटून धरलेलं, त्यामुळं भिंग नसलं तरी तो डोळा आपला अर्धा मिटलेलाच राही. नव्या माणसाला वाटे, हा म्हातारा आपल्याला डोळा मारतोय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं आणि मी पदर सारखा करून चार पावलं मागं सरले. पुढं कधीतरी हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की भिंग डोळ्यातून निसटून गवतात पडलं, आणि मग आम्ही दोघं अर्धा तास ते शोधत होतो.

हे मी लिहितेय ते बीडपासून दोन दिवसांच्या रेल्वेवर, पंजाबातल्या एका रोपवाटिकेत बसून. इथं किन्नू होतो, आपल्या संत्र्याचाच इकडचा भाऊ. मी आणि माझे यजमान इथं कलमं बांधायला आहोत. माझी शाळा सातवीला सुटली. लिहायला बसलं की हात अडतो, चुकेल की काय म्हणून भीती वाटते. पण मागच्या महिन्यात आमच्या जुन्या बागेतल्या लक्ष्मणचा फोन आला, चाचा गेले म्हणून. मी मातीला पोचू शकले नाही. इथल्या बायकांना मोडक्या हिंदीत मी त्यांच्याबद्दल सांगायला लागते तेव्हा माझा वेग वाढतो, हातवारे सुरू होतात, आणि त्या म्हणतात, अगं जरा सावकाश. सावकाश सांगण्यासारखा तो माणूसच नव्हता. म्हणून आपल्या भाषेत एकदा भराभर सांगून टाकते.

मांजरसुंब्याच्या पलीकडं अप्पांची मोसंबीची रोपवाटिका. अप्पा सत्तरीचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज विहिरीतून आल्यासारखा. मी तिथं डोळे बांधायला होते. डोळा म्हणजे झाडाच्या फांदीवरचा कोंब. तो सालीसकट काढायचा, जंगली लिंबाच्या रोपाला चीर देऊन आत बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. बसवणारे पुरुष, गुंडाळणाऱ्या आम्ही बायका. हे डोळे येत कुठून, तर बागेच्या मधोमध अकरा जुनी झाडं होती तिथून. मातृवृक्ष म्हणतात त्यांना. अप्पांच्या वडलांनी लावलेले. रोपवाटिकेतली सगळी रोपं त्या अकरांची लेकरं, आणि आम्हा वीस-बावीस माणसांच्या चुली त्याच अकरांवर पेटायच्या.

त्या बागेत एका सकाळी हा बारीक डोळ्याचा माणूस जेवणाचा डबा घेऊन आला. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, खिशाला चिमटे आणि ब्रश लावलेले. अप्पांसमोर त्यानं डबा उघडला. आत अर्धी कापलेली मोसंबी.

"ही तुमच्या बागेतली हाय," चाचा म्हणाले. "माझा धाकटा भाऊ बीडात फळांचा गाडा लावतो. गिऱ्हाईक परत घेऊन आलं, कडू हाय म्हणून."

"एखादी निघती कडू," अप्पा म्हणाले.

"हौ. पण मी उघडून बघितली ना. हे बघा, मधला कणा वाकडा. बिया काळ्या, पोचट. देठाकडून पिवळी झाली आन् बुडाला हिरवीच राहिली. हे कडूपण न्हाई अप्पा, आजार हाय."

"तुमी कोण? साहेब?"

"मी घड्याळजी."

लक्ष्मण तिथंच फवारणीचा पंप पाठीला लावून उभा होता. तो मोठ्यानं हसला. "मग घड्याळं बघा की चाचा, मोसंबी कावून बघायलेत?"

"घड्याळं कोण घालतंय बे आता," चाचा शांतपणे म्हणाले. "त्ये अकरा झाडं कुठं हायेत?"

अप्पांनी का कोण जाणे, पण दाखवली. चाचा एकेका झाडाजवळ गेले. पानं तोडली नाहीत, फक्त फांदी वाकवून पान उन्हाकडं धरायचे आणि बघायचे. सातव्या झाडाशी थांबले. एक पान मला दाखवलं, कारण मी जवळ होते. पान पिवळसर होतं. "पानाची घडी घाल मनातल्या मनात," ते म्हणाले. "दोन्ही बाजूचं पिवळं एकमेकांवर बसतं का?" नव्हतं बसत. एकीकडं वर डाग, दुसरीकडं खाली. "सारखं असलं तर झाड भुकेलं. सारखं नसलं तर झाड आजारी." मी तोवर कितीतरी हजार पानं बघितली असतील. अशी घडी कधी घातली नव्हती. त्या दिवसापासून पान हातात आलं की मी आधी मनातल्या मनात घडी घालते, इथंसुद्धा.

पानं तपासायला गेली आणि चाचांचं खरं निघालं. दहा झाडं निरोगी, सातवं आजारी. तपासणीचे साहेब आले. ते म्हणाले, हा आजार एका झाडावरून दुसऱ्यावर सायला नावाचा किडा नेतो. तिळाएवढा, डोकं खाली आणि शेपूट वर करून कोवळ्या पानावर बसतो आणि रस ओढतो. सातवं झाड आजच काढा. होळीनंतर मी परत येईन. उरलेल्यांवर सायला असाच राहिला किंवा आणखी एक झाड आजारी निघालं, तर सगळी तोडावी लागतील आणि रोपं विकता येणार नाहीत.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. माझा स्वभावच असा. यजमान म्हणायचे, झाडं अप्पांची, काळजी तू कावून करतीस? पण मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. होळीनंतर म्हणजे किती राहिले.

सातवं झाड अप्पांनी स्वतः कुऱ्हाड घालून काढलं. सगळ्यात गोड फळ त्याचंच होतं. चाचा शेजारी उभे होते. लक्ष्मण म्हणाला, "तुमचे ते किडे सोडून बरं न्हाई का व्हणार हे?" बीडात चाचा किडे पाळतात हे तोवर सगळ्यांना कळलं होतं.

"माझे किडे डाक्टर न्हाईत," चाचा म्हणाले. "चौकीदार हायेत. चोर घरात शिरू देत न्हाईत. पण आत बसलेला आजार काढायची त्यांची ताकद न्हाई. खोटं कायकू बोलू?"

त्या एका वाक्यामुळंच अप्पांचा त्यांच्यावर विश्वास बसला असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचांना बोलावून विचारलं, तुमचे चौकीदार आणा, बदल्यात काय पायजे? चाचांनी एकच मागितलं. लक्ष्मणचा पंप बंद.

"लक्ष्मण फवारतो तवा सायला मरतो आन् त्याला खाणारे बी मरतात," ते म्हणाले. "मग सायला आठ दिवसांत परत येतो, खाणारे येत न्हाईत. मग परत फवारायचं. तुमी किती साल हेच करायलेत?"

अप्पांनी लक्ष्मणकडं बघून पंपाकडं बोट केलं. लक्ष्मणनं पंप छपरात टांगला आणि जाता जाता मला म्हणाला, "वहिनी, पंजाब बघा आता नायतर गुजरात. हितलं संपलं." त्याला काय माहीत, पंजाब खरंच निघणार होता.

चाचांचं दुकान मी पहिल्यांदा बघितलं ते चौकीदार आणायला गेले तेव्हा. बीडात एका बोळात, दोन खणांचं. पुढच्या खणात भिंतीवर घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. मागच्या खणात लाकडी खोकी. खोक्यांत भरडलेली ज्वारी आणि त्यात धान्यातले करडे पतंग मुद्दाम वाढवलेले. आपण घरात ज्या पतंगांना झाडूनं मारतो, ते इथं मानानं राहत होते. त्यांची अंडी म्हणजे चौकीदारांचं जेवण. आणि चौकीदार म्हणजे एक हिरवी, नाजूक, जाळीच्या पंखांची माशी. चाचा तिला नुसतं 'जाळीवाली' म्हणायचे. जाळीवाली स्वतः गरीब, मधपाण्यावर राहते. खरी डाकीण तिची अळी. तांदळाच्या दाण्याएवढी, मगरीसारखी, तोंडाला दोन वाकडे सुळे. ते खुपसते, रस ओढते, रिकामं साल फेकून पुढं जाते.

प्रत्येक अळी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या वेगळ्या बाटलीत. ओळीनं शेकडो बाटल्या, तोंडाला कापूस. मी विचारलं, एवढा उपद्व्याप कशाला, एका डब्यात ठेवा की सगळ्या.

"ठेवल्यावत्या," चाचा म्हणाले. "सुरुवातीला. बिस्किटाच्या डब्यात चाळीस. भाचीच्या लग्नाला परभणीला गेलतो दोन दिवस. येऊन डबा उघडला तर दोनच. पण काय पैलवान झालत्या त्या."

ते अळी उचलायचे ते घड्याळातली केसाएवढी कमान उचलायच्या ब्रशनं. श्वास रोखून. उचलून पानावर ठेवली की 'जा बेटा' म्हणायचे आणि मग श्वास सोडायचे. एकदा एका दिवसात किती 'जा बेटा' म्हणाले ते मी मोजायला लागले, पण मधेच हसू आलं आणि मोजणं चुकलं.

परत येताना एसटीत आमच्या मांडीवर डबे. मांजरसुंब्याला गाडी थांबली, ढाब्यावरचा रश्श्याचा वास आत आला, आणि समोरच्या सीटवरचा एक माणूस म्हणाला, "चाचा, डब्यात काय आणलंय, एकट्यानंच खाणार का?"

"वाघाची पिल्लं," चाचा म्हणाले.

"दाखवा की."

चाचांनी एक बाटली दिली आणि भिंग काढून दिलं. त्या माणसानं बघितलं, मग त्याच्या बायकोनं, मग कंडक्टरनं. तिकिटं थांबली. मागचे लोक पुढं आले. ड्रायव्हर ओरडला की गाडी हलणार का न्हाई आज, आणि मग तोच उठून बघायला आला. तिथून बागेपर्यंत चाचा सायला कसा बसतो ते सगळ्या गाडीला करून दाखवत होते, डोकं खाली आणि मागचा भाग वर करून, इस्त्रीच्या सदऱ्यात. लाज त्यांना ठाऊकच नव्हती. कुठल्याही माणसाला ते भिंग द्यायचे. "पहिले देखो, फिर बोलो," हे त्यांचं ठरलेलं. आणि दुसरं एक म्हणायचे, की घड्याळ आलं की उघडायचं न्हाई, आधी कानाला लावून ऐकायचं.

आता खरी गोष्ट.

माघात झाडांना नवती फुटली. नवती म्हणजे कोवळी पालवी, आणि सायला तिच्यावरच अंडी घालतो. चाचांनी दहाही झाडांवर अळ्या सोडल्या. आठ दिवसांनी बघितलं, सायला तेवढाच, अळ्या गायब. त्यांना वाटलं, ऊन लागलं असेल. परत आणल्या, संध्याकाळी सोडल्या. परत गायब. तिसऱ्यांदाही तेच. साहेब यायला महिना राहिला नव्हता. सायला मोजायला साहेबांनी धरली होती तशीच पांढरी ताटली मी रोज फांदीखाली धरायचे, फांदीवर तीन टिचक्या मारायचे. ताटलीत सायला तिळगुळाच्या तिळासारखे पडायचे. मला तर रात्री भात वाढतानाही ताटलीत तेच दिसायचे.

लक्ष्मणनं पंप खाली काढून पुसायला घेतला होता. "चौकीदार सुट्टीवर गेलेत वाटतं," तो मोठ्यानं म्हणायचा.

तेव्हा चाचांनी अळ्या सोडणं बंद केलं आणि चौथ्या झाडाखाली पोतं अंथरून बसले. सकाळपासून. एकाच फांदीकडं तोंड. मी जेवायला बोलावलं तर हातानं नको म्हणाले. दुपारी मी पाणी नेऊन दिलं आणि विचारलं, काय करायलेत?

"ऐकायलोय," ते म्हणाले.

दिवस कलला तेव्हा उठले, गुडघे झाडले आणि काही न बोलता बीडला गेले. दुसऱ्या दिवशी आले, परत गप्प. तिसऱ्या दिवशीही. शेवटी मी पट्टी गुंडाळता गुंडाळता विचारलंच, "चाचा, कळलं ना तुमाला?"

"कळलंय ना."

"मग सांगत कावून न्हाई?"

ते माझ्याजवळ उकिडवे बसले. "सुनंदा, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की लोक माझ्याकडं आणतात. म्हणतात, मशीन खराब झालं. मी उघडतो. लई वेळा मशीन चांगलं असतं. मालकानंच आत खोबरेल तेल घातलेलं असतं. बापाचं घड्याळ हाय म्हणून, प्रेमानं. त्ये तेल घट्ट होतं, धूळ धरतं, घड्याळ बंद. आता त्या माणसाला कसं सांगायचं, तुझ्या प्रेमानंच बंद पडलंय?"

मला समजेना. त्यांनी चौथ्या झाडाच्या बुडाकडं बोट केलं. तिथं जमिनीवर पिठाची रेघ होती, आणि तिच्यावर काळ्या मुंग्या.

मग एकदम सगळं डोळ्यांसमोर आलं. दोन वर्षांपूर्वी अप्पांच्या बायको, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, मरणाच्या दारात होत्या. तेव्हा अप्पा कपिलधारच्या देवस्थानाला गेले आणि तिथं नवस बोलले. अक्का बऱ्या झाल्या तर रोज सकाळी मुंग्यांना घालीन. अक्का बऱ्या झाल्या. तेव्हापासून अप्पा रोज आंघोळ करून, ओल्या धोतरात, वाटीत कणीक आणि चिमूटभर साखर घेऊन त्या झाडांच्या बुडाशी घालत होते. एक दिवस चुकला नव्हता. आमच्यात सगळ्यांना त्याचं कौतुक. मुंग्यांनी प्रत्येक झाडाखाली वारूळ केलं होतं.

"सायला गोड चिकटा टाकतो," चाचा म्हणाले. "मुंग्यांना तो आवडतो. म्हणून मुंग्या सायला सांभाळतात, गाई सांभाळल्यासारख्या. माझी अळी आली की चौघी मिळून तिला उचलून नेतात. मी मुसलमान माणूस. त्यांच्या नवसाचं मी कसं बोलू?"

मी म्हटलं, मी बोलते. चाचा म्हणाले, "नक्को. बोलायचंच न्हाई. दाखवायचं."

त्यांनी अप्पांना बोलावलं. अप्पांच्या हातात भिंग दिलं. एवढा मोठा माणूस फांदीपाशी वाकला. चाचांनी ब्रशनं एक अळी पानावर ठेवली. जा बेटा म्हणाले नाहीत. आम्ही सगळे मागं उभे. लक्ष्मणही. पहिली मुंगी आली, मिशांनी चाचपून परत गेली. मग तिघी आल्या. एकीनं अळीची शेपटी धरली. अळी वळून सुळे मारत होती. दुसरीनं डोकं धरलं. मग त्या तिला घेऊन फांदीवरून खाली, खोडावरून खाली, पिठाच्या रेघेवरून वारुळात.

अप्पा किती तरी वेळ वाकलेलेच राहिले. मग भिंग काढून म्हणाले, "म्हंजे माझ्या पाव्हण्यांनी तुमचे पाव्हणे नेले."

चाचांनी ब्रश पुसून खिशाला लावला.

"सातवं झाड माझ्यामुळं गेलं का?"

"ठाऊक न्हाई अप्पा. खोटं न्हाई बोलणार."

अप्पा घरात गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं कळलं. एक नवस आणि दहा झाडं, आणि दोन्हींच्या मधे एक माणूस. मला वाटत होतं, नवस मोडला आणि अक्कांना काही झालं तर? आणि नाही मोडला तर आमचं काय? मला दोन्हीकडून भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा वाटी घेऊन आले. ओल्या धोतरात. पहिल्या झाडाशी उभे राहिले. हात वर जाईना, खाली येईना. चाचा पहिल्या गाडीनं येऊन बांधावर बसलेले, मान खाली. तेवढ्यात घराकडून अक्का आल्या. बारीक, हातात काठी. त्या सरळ अप्पांपुढं गेल्या.

"नवस कुणासाठी बोललावता?"

"तुझ्यासाठी."

"मग मला इचारलं का न्हाई? मुंग्यांना घालीन म्हणलावता. झाडाच्या बुडाशीच घालीन असं देवापुढं म्हणलावता का?"

"तसं न्हाई म्हणलो. झाडं आपली, म्हणून हितं—"

"मग पाव्हण्यांचं ताट दुसरीकडं मांडा की. कवाधरनं झाडांच्या वट्ट्यावर वाढायलेत."

लक्ष्मणला हसू फुटलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. चाचा बांधावरून उठले, आणि त्यांचा तो बारीक डोळा पहिल्यांदा मी पूर्ण उघडा बघितला.

"अक्का, बंद नक्कोच," ते भराभर बोलायला लागले. "ज्यादा करा. पीठ न्हाई, साखरपाणी. पातळ. मुंग्यांना गोड पाणीच पायजे, पीठ कोरडं म्हणून त्या वर चिकट्याकडं जातात. ह्या बांधाला ठेवा, झाडांपासून लांब. त्या तिकडं राहतील. मी झाडाला फक्त कडी घालतो."

कडी मी घातली. दहाही खोडांना माझी कलमाची पट्टी गुंडाळली, वरून चाचांनी ग्रीस आणि एरंडेल फासलं, म्हणजे मुंगीचा पाय पुढं जाऊ नये. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या लक्ष्मणनं छाटल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. आणि अक्कांनी दिवाळीच्या पणत्या काढल्या. साखरेचं पाणी करून, त्यात कापसाचे बोळे बुडवून, पणत्या बांधावर ओळीनं मांडल्या. अप्पांनी हात जोडले. तासाभरात पणत्यांच्या कडा काळ्या झाल्या, आणि खोडांवरच्या रांगा तुटायला लागल्या. आम्ही कामं सोडून ते बघत होतो. अप्पा मधेच म्हणायचे, "ही रांग वळली बघा," जसं काही पोरांच्या शर्यतीत आपला पोरगा पुढं आलाय.

चाचांनी दुकानातल्या सगळ्या बाटल्या आणल्या. दुकान चार दिवस बंद. मीही ब्रश धरायला शिकले. श्वास रोखायचा, ठेवायचं, सोडायचं. पाचव्या दिवशी अळ्या होत्या. जागेवर. मोठ्या झालेल्या. पानाखाली सायलाची पिल्लं वाळलेली, नुसती सालं. मी चाचांना हाक मारली तर ते झाडाभोवती धावतच आले, आणि मग दुसऱ्या झाडाकडं, तिसऱ्याकडं, आणि प्रत्येक ठिकाणाहून ओरडून सांगायचे, "हितं बी हाय, हितं बी हाय."

होळी झाली. साहेब आले. फांदीखाली ताटली धरली, तीन टिचक्या. दहाही झाडांखाली मिळून बोटांवर मोजण्याइतके सायला. साहेबांनी दुसऱ्यांदा केलं, त्यांना वाटलं फांदी चुकली. पानं तपासायला नेली. निकाल यायला पंधरा दिवस लागले आणि त्या पंधरा दिवसांत मी काय जेवले ते मला आठवत नाही. निकाल अप्पांच्या फोनवर आला. दहाही निरोगी. अप्पांनी फोन खिशात घातला, जीप काढली आणि बीडला त्या बोळात जाऊन चाचांच्या दुकानापुढं उभे राहिले. चाचा एका घड्याळात डोकं घालून बसले होते. अप्पा म्हणाले, "चला, तुमचे पाव्हणे जेवायला बसलेत." चाचांनी ते घड्याळ उघडंच टाकलं, असं लक्ष्मण सांगतो. तो जीपमधे होता.

पावसाळ्यात रोपं विकली गेली. आणि पुढच्या उन्हाळ्यात यजमानांना पंजाबातून बोलावणं आलं. मला जायचं नव्हतं. पण साहेबांनीच इकडं सांगितलं होतं की ही बाई पानाची घडी घालून बघते, ब्रशनं अळी ठेवते. ज्या कामामुळं मी इथं आले ते काम चाचांनी एका पोत्यावर बसून शिकवलेलं.

निघायच्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी दुकान बंद, चाचा बागेतच असणार. जीप रस्त्यावर थांबलेली, यजमान हॉर्न वाजवत होते. चाचा दुसऱ्या झाडाखाली गुडघ्यांवर होते, तोंड फांदीत, माझ्याकडं पाठ. सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

"चाचा, मी निघाले."

"हळू," ते न वळता कुजबुजले. "हितं ये. हळू ये."

मी वाकून बघितलं. पानाखाली एक लाल ढालकिडा होता, मसुराच्या डाळीएवढा, पाठीवर काळे ठिपके. मागचा भाग पानाला टेकवून तो एकेक पिवळं अंडं उभं लावत होता. हाही सायला खातो, हे मला चाचांनीच सांगितलं होतं.

"ही माझी न्हाई," चाचा म्हणाले. "मी हिला कधी पाळलीच न्हाई, सुनंदा. आणली न्हाई, सोडली न्हाई. ही आपली आपण आली. बघ, जागा बघून आली. आता मी न्हाई आलो तरी चालतंय."

परत हॉर्न वाजला. मला पाया पडायचं होतं, काहीतरी बोलायचं होतं, दोन दिवस मनात घोकून ठेवलेलं.

"जा बेटा," ते म्हणाले, अजून फांदीकडंच बघत. "मला उठता येत न्हाई आता. तिचं अजून चाललंय."

मी वळले. चार पावलं गेले आणि मागं बघितलं. त्यांनी एक हात मागं केला होता आणि बोटांनी जमिनीकडं खूण करत होते. पाय हळू टाक, फांदी हलेल. मी चपला काढून हातात घेतल्या आणि जीपपर्यंत अनवाणी गेले.